हरण्यात फायदा ठेवणारा नियम

३१ जुलै २०१२. लंडनच्या वेम्बली अरीनात ऑलिंपिकमधल्या बॅडमिंटनच्या महिला दुहेरीचा सामना चालू आहे आणि अव्वल मानांकित चिनी जोडी सर्व्हिस नेटमध्ये मारते आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दुहेरीतली सर्व्हिस बहुतेक वेळा आखूडच असते. शटल नेटच्या पट्टीला घासून जाईल इतकं खालून न्यायचं आणि नेटपासून १.९८ मीटरवर असलेल्या रेषेच्या जेमतेम पलीकडे टाकायचं. या दर्जाच्या खेळाडूंनी हा फटका सरावात हजारो वेळा मारलेला असतो. तो असा ओळीने चुकत नाही, चुकवावा लागतो. समोरची कोरियन जोडीही तेच करू लागते. पहिल्या गेममधली सर्वांत लांब रॅली चार फटक्यांची. प्रेक्षक हुर्यो उडवतात, सामनाधिकारी तोर्स्टन बर्ग कोर्टवर येऊन ताकीद देतात, आणि तरीही यू यांग आणि वांग शाओली १४-२१, ११-२१ असा सामना सोडून देतात.

त्यानंतर कोरियाची दुसरी जोडी हा जुंग-उन आणि किम मिन-जुंग उतरली. तिच्यासमोर होत्या इंडोनेशियाच्या मेलियाना जौहरी आणि ग्रेसिया पोली. पुन्हा तोच प्रकार. या सामन्यात तर सामनाधिकाऱ्यांनी काळं कार्ड, म्हणजे थेट अपात्रता, दाखवलं आणि प्रशिक्षकांच्या विनवण्यांनंतर मागे घेतलं. सामना कोरियाने १८-२१, २१-१४, २१-१२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी जागतिक बॅडमिंटन महासंघाने चारही जोड्या, म्हणजे आठही खेळाडू, स्पर्धेतून बाद केल्या. इंडोनेशियाने अपील करून ते मागे घेतलं, कोरियाचं फेटाळलं गेलं.

या आठ जणींपैकी ग्रेसिया पोली त्या वेळी २४ वर्षांची होती. नऊ वर्षांनी, २ ऑगस्ट २०२१ रोजी, तिनेच टोकियोत इंडोनेशियाला महिला दुहेरीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. ही कथा सहसा पश्चात्तापाची आणि पुनरागमनाची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. पण तशीच सांगत राहिलो तर त्यातला सार्वजनिक प्रश्न नजरेआड होतो. लंडनमध्ये खेळाडू दोषी होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हरण्यात फायदा आहे असा आराखडा ज्यांनी आखला, त्यांना काय झालं? आणि खेळाडूला शिक्षा करताना तिचा परतीचा रस्ता उघडा ठेवायचा की कायमचा बंद करायचा? पोलीची कारकीर्द या दोन्ही प्रश्नांना हात घालते.

आधी आराखडा नीट समजून घेऊ. बीजिंगपर्यंत ऑलिंपिकमधली दुहेरी थेट बाद फेरीने व्हायची. एक सामना हरलं की घरी. चार वर्षं तयारी करून जेमतेम अर्ध्या तासात परतायचं, हे लहान देशांच्या जोड्यांना फार जाचक होतं. म्हणून लंडनला प्रथमच गटसाखळी आणली. १६ जोड्या, ४ गट, प्रत्येक गटात ४ जोड्या. प्रत्येकीला किमान ३ सामने, आणि गटातल्या पहिल्या दोघी उपांत्यपूर्व फेरीत. हेतू चांगलाच होता.

दोष दोन गोष्टींच्या जोडणीत होता. पहिली गोष्ट, गटातल्या दोन तगड्या जोड्यांची गाठ शेवटच्या सामन्यात पडत होती. दोघींनी आधीचे दोन्ही सामने जिंकले असतील, तर बाकीच्या दोघींच्या खात्यात एकही विजय नसतो. म्हणजे शेवटच्या सामन्याआधीच दोघी पुढे गेलेल्या असतात. तो सामना ठरवतो ते फक्त पहिली कोण आणि दुसरी कोण. दुसरी गोष्ट, बाद फेरीतल्या जागा आधीच छापून ठेवलेल्या होत्या. ‘अ’ गटाच्या विजेतीची गाठ ‘क’ गटाच्या उपविजेतीशी, ‘क’च्या विजेतीची ‘अ’च्या उपविजेतीशी. कोणता गट तक्त्याच्या कोणत्या अर्ध्यात, तेही पक्कं. म्हणजे शेवटचा सामना खेळायला उतरतानाच हातात नकाशा असतो: जिंकलो तर या वाटेने, हरलो तर त्या वाटेने.

आता यात एक धक्का बसवा. ‘ड’ गटात डेन्मार्कच्या कामिला रिटर युल आणि क्रिस्टिना पेडरसन यांनी चीनच्या तियान चिंग आणि झाओ युनलेई यांना हरवलं. चीनची ही जोडी दुसरी आली आणि ‘अ’ गटाच्या विजेतीच्या अर्ध्यात जाऊन बसली. ‘अ’ गटातल्या यू आणि वांग जिंकल्या असत्या तर दोन्ही चिनी जोड्या उपांत्य फेरीतच समोरासमोर येणार, आणि सुवर्ण-रौप्य दोन्ही नेण्याची संधी हुकणार. हरल्या तर दुसऱ्या अर्ध्यात, मोकळ्या. त्या हरल्या, आणि त्याचा परिणाम लगेच ‘क’ गटावर झाला. कारण आता ‘क’ची विजेती जोडी उपांत्यपूर्व फेरीतच यू-वांगच्या समोर जाणार होती. पोली-जौहरी आणि त्यांच्यासमोरच्या कोरियन जोडीला हे कोर्टवर उतरण्याआधी ठाऊक होतं. पहिल्या सामन्यातली लबाडी अशी दुसऱ्या सामन्याला चिकटली.

फुटबॉलने हा धडा तीस वर्षं आधी घेतला होता. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या खिखोन इथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना १-० झाला. त्या निकालाने दोन्ही संघ पुढे गेले आणि आदल्या दिवशीच आपला सामना संपवून बसलेला अल्जीरिया बाहेर पडला. त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवायची पद्धत रुळली. बॅडमिंटनच्या आराखडा करणाऱ्यांसमोर हे उदाहरण होतं. गटसाखळी कागदावर मांडून “शेवटच्या सामन्यात कोणाला हरणं सोयीचं ठरू शकतं का?” एवढा एक प्रश्न विचारायला तासभर पुरला असता.

खेळाडूंच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो. धावपटू प्राथमिक फेरीत शेवटचे वीस मीटर सैल सोडतो, जलतरणपटू अंतिम फेरीसाठी दम राखतो, मग बॅडमिंटनपटूने काय पाप केलं? मला हा युक्तिवाद पटत नाही. धावपटू दम राखतो तेव्हाही त्याला पात्र व्हायचंच असतं, आणि त्याच्या सैल सोडण्याने दुसऱ्याला फुकटचा निकाल मिळत नाही. दुहेरीच्या गटात मात्र माझी हार म्हणजे समोरच्याचा खोटा विजय असतो आणि तो तिसऱ्या-चौथ्या जोडीच्या नशिबात जाऊन पडतो. शिवाय तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला सामना दाखवायचं कबूल केलेलं असतं.

तिसऱ्या जोडीला गटसाखळीची केवढी झळ बसू शकते, हे भारतीय वाचकाला वेगळं सांगायला नको. त्याच स्पर्धेत ‘ब’ गटात ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा होत्या. जपान, चिनी तैपेई आणि भारत, तिघांचे विजय सारखे झाले आणि भारताची जोडी गुणांच्या फरकात अवघ्या एका गुणाने बाहेर पडली. जपानी जोडी चिनी तैपेईविरुद्ध ज्या प्रकारे हरली त्यावर भारताने तक्रार केली, महासंघाने ती फेटाळली. त्या सामन्यात गैर काही घडलं होतं असं मी म्हणत नाही. पण जिथे हरणं सोयीचं असू शकतं, तिथे प्रामाणिक पराभवाकडेही संशयाने पाहिलं जातं. नियमाची ही हानी अपात्रतेच्या यादीत दिसत नाही.

शिक्षेचं कलम सोपं होतं: जिंकण्यासाठी पूर्ण प्रयत्न न करणं, आणि खेळाला हानी पोहोचेल असं वागणं. अंमल मात्र अवघड. पूर्ण प्रयत्न मोजायचे कशाने? गुडघा दुखत असेल तर खेळाडू कोपऱ्यातल्या शटलमागे धावणार नाही. समोरचीची आघाडी मोठी असेल तर तो गेम सोडून तिसऱ्यासाठी ताकद राखली जाते. वेम्बलीत निर्णय सोपा झाला तो फक्त बेफिकीर उघडेपणामुळे. नेटमधल्या सर्व्हिस, कोर्टबाहेर दोन-दोन फूट जाणारे स्मॅश, हाताशी आलेलं शटल सोडून देणं. हेच कोणी कसबाने केलं असतं, चार इंच बाहेर मारलं असतं, लिफ्ट, म्हणजे उंच मागे उडवलेलं शटल, थोडी आखूड ठेवून समोरचीला स्मॅश मारू दिला असता, तर कोणत्याही सामनाधिकाऱ्याला काळं कार्ड काढता आलं नसतं. नुसत्या शिक्षेने हा प्रकार थांबत नाही, त्याचं खरं कारण हेच आहे. शिक्षा पकडते ती अनाडीपणाला. कसबी खेळाडू सुटतो.

आणि अपात्रतेनंतर काय झालं? रिकाम्या जागा त्याच दोन गटांतल्या उरलेल्या चार जोड्यांना दिल्या गेल्या: रशिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. कॅनडाची अ‍ॅलेक्स ब्रूस आणि मिशेल ली ही जोडी गटातले तिन्ही सामने हरलेली होती. ती उपांत्य फेरी गाठून कांस्यपदकाच्या सामन्यापर्यंत गेली, आणि तो सामना रशियाच्या व्हॅलेरिया सोरोकिना आणि निना विस्लोव्हा यांनी जिंकला. या खेळाडूंचा यात तसूभरही दोष नाही, त्या मिळालेल्या संधीसाठी जीव तोडून खेळल्या. सुवर्ण मात्र तियान-झाओ याच जोडीला मिळालं. ज्या पराभवाने सगळा गोंधळ सुरू झाला, तो पराभव पचवून त्या शेवटपर्यंत पोचल्या.

महासंघाने दुरुस्ती केली ती त्याच वर्षाच्या, म्हणजे २०१२ च्या, शेवटी. आठ जणींना शिक्षा देण्यापेक्षा हा निर्णय कितीतरी मोलाचा होता. गटविजेत्यांच्या जागा ठरलेल्या राहतील, पण सगळ्या उपविजेत्या जोड्या गटसाखळी संपल्यावर पुन्हा सोडतीत जातील. बदल दिसायला किरकोळ आहे. पण आता दुसरं आल्यावर कोण समोर येईल, हे शेवटचा सामना खेळताना कळूच शकत नाही. हातातला नकाशाच काढून घेतला. पहिलं येण्यात ठोस फायदा उरला, कारण विजेतीला पुढे एखादी उपविजेतीच भेटते, आणि दुसरं येण्यात नुसती अनिश्चितता. एकेरीत हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही, कारण तिथे गटातून एकच खेळाडू पुढे जाते.

आता टोकियोकडे या. पोली आणि अप्रियानी राहायू ‘अ’ गटात होत्या. गटात अव्वल मानांकित जपानी जोडी युकी फुकुशिमा आणि सायाका हिरोता, शिवाय मलेशिया आणि ब्रिटन. दोन सामन्यांनंतर इंडोनेशिया आणि जपान दोघींचे दोन-दोन विजय, दोघी पुढे गेलेल्या. गटातला शेवटचा सामना बाकी. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी वेम्बलीत होती अगदी तीच परिस्थिती, आणि कोर्टवर तीच ग्रेसिया पोली. हिरोता उजव्या गुडघ्याला जाड पट्टा बांधून खेळत होती. तो सामना २४-२२, १३-२१, २१-८ असा तीन गेम चालला आणि इंडोनेशियाने जिंकला. पहिल्या गेममध्ये २२-२२ पर्यंत कोणी मागे हटलं नाही. गटात दुसरी आलेली फुकुशिमा-हिरोता ही जोडी उपांत्यपूर्व फेरीत चेन चिंगचेन आणि जिया यिफान यांच्यासमोर पडली आणि तिथेच संपली. विजेत्या पोली-राहायूंना चीनची दुसरी जोडी भेटली.

माणूस बदलतो, नऊ वर्षांत खूपच बदलतो, हे मान्य. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये हेही मान्य. पण लंडनमध्ये अपात्र ठरलेल्या इतर खेळाडूंकडे पाहा. यू यांगने अपात्रतेनंतर समाजमाध्यमावर खेळाचा निरोप घेतला होता. ती परत आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तांग युआनतिंगबरोबर उपांत्य फेरीपर्यंत खेळली. वेम्बलीत यू-वांगसमोर असलेल्या कोरियन जोडीतल्या जुंग क्यूंग-उनने रिओत शिन सूंग-चानबरोबर कांस्य जिंकलं, तेही यू यांगच्याच जोडीला हरवून. कोरियाच्या संघटनेने आधी खेळाडूंवर दोन वर्षांची बंदी घातली होती, नंतर ती सहा महिन्यांवर आणली. दोन वर्षं कायम राहिली असती तर पुढचं बरंच काही झालं नसतं. नियम दुरुस्त झाल्यावर याच खेळाडूंनी ऑलिंपिकमध्ये सरळ खेळ केला. आजन्म बंदीची मागणी त्या वेळी अनेकांनी केली होती. ती मान्य झाली असती तर खेळाने काय गमावलं असतं, ते आता तारखांनिशी सांगता येतं.

पोलीच्या बाबतीत त्या तारखा अशा. २०१३ पासून ती पुन्हा नित्या क्रिशिंदा महेश्वरीबरोबर खेळू लागली. २०१४ मध्ये इंचनच्या आशियाई स्पर्धेत दोघींनी सुवर्ण जिंकलं. या प्रकारात इंडोनेशियाचं शेवटचं सुवर्ण १९७८ चं होतं, वेरावती फजरिन आणि इमेल्डा विगुना यांचं. २०१५ मध्ये कोरिया ओपनचं विजेतेपद आणि जागतिक स्पर्धेत कांस्य. रिओत उपांत्यपूर्व फेरीत पराभव झाला तो यू यांगच्याच जोडीकडून. मग नित्याचा गुडघा गेला. पोली २९ वर्षांची, जोडीदार नाही, निवृत्तीचा विचार पक्का.

इथे इंडोनेशियाची पद्धत समजून घेतली पाहिजे. पूर्व जकार्तातल्या चिपायुंगच्या राष्ट्रीय शिबिरात खेळाडू राहतात, तिथेच सराव करतात, आणि दरवर्षी संघटना कोण वर चढणार, कोण शिबिरातून बाहेर जाणार याची यादी काढते. तिशीला टेकलेली, जोडीदार नसलेली दुहेरीची खेळाडू अशा यादीत सहज कापली जाते. महिला दुहेरीला तर तिथे फार मान कधीच नव्हता. देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण १९९२ मध्ये सुसी सुसांतीने जिंकलं होतं ते एकेरीत, आणि पुरुष व मिश्र दुहेरी ही हक्काची पदकं. महिला दुहेरीच्या खात्यात एकही ऑलिंपिक पदक नव्हतं. प्रशिक्षक एंग हियान, स्वतः अथेन्सचे कांस्यविजेते, यांनी पोलीला थांबवलं आणि एका तरुण मुलीला तयार करण्यासाठी अजून थोडं खेळ असं सुचवलं. ती मुलगी आग्नेय सुलावेसीतल्या कोनावेची अप्रियानी, वय १९, पोलीपेक्षा जवळजवळ अकरा वर्षांनी लहान.

२०१७ च्या मे महिन्यात दोघी एकत्र आल्या. जूनमध्ये थायलंड ओपन जिंकली, ऑक्टोबरमध्ये फ्रेंच ओपन. २०१८ आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत सलग कांस्य. महिला दुहेरीत बचाव भेदणं कठीण असतं, रॅली चाळीस-पन्नास फटक्यांपर्यंत जातात, आणि तिथे अनुभव मोलाचा ठरतो: केव्हा लिफ्ट करायची, केव्हा सपाट ड्राइव्हने वेग वाढवायचा, समोरचीचा खांदा कुठे वळतो आहे. पोलीने ते सांभाळलं आणि मागून मारा अप्रियानीने केला.

टोकियोच्या अंतिम सामन्यात या जोडीचा सगळा कस एका रॅलीत दिसला. दुसऱ्या गेममध्ये रॅली चालू असताना पोलीच्या रॅकेटची तार तुटली. तार तुटली म्हणून पंच खेळ थांबवत नाहीत. आणि एक तार गेली की बाकीच्या तारांचा ताण बिघडतो. या पातळीवर तारांचा ताण २६ पौंडांच्या पुढे असतो, त्यामुळे अशा रॅकेटने मारलेलं शटल कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पोली सरळ कोर्टबाहेर धावली, बॅगेतली दुसरी रॅकेट घेतली आणि परत आली. तेवढ्या वेळात ६.१ मीटर रुंदीचं कोर्ट अप्रियानी एकटी सांभाळत होती, समोर चेन आणि जिया, जगातला सर्वांत जोरकस मारा करणाऱ्या जोड्यांपैकी एक. हे पूर्वतयारीशिवाय होत नाही. सारख्या ताणाच्या रॅकेट बॅगेत वरच ठेवलेल्या असाव्या लागतात, आणि जोडीदार गेल्याचं क्षणात ओळखून दुसरीने शटल उंच, खोल टाकत वेळ काढावा लागतो. गुण इंडोनेशियालाच मिळाला. सामना २१-१९, २१-१५. बॅडमिंटनच्या पाचही प्रकारांत ऑलिंपिक सुवर्ण असलेला इंडोनेशिया हा चीननंतरचा दुसरा देश झाला, आणि त्या ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाला मिळालेलं हे एकमेव सुवर्ण.

यातून घ्यायचं ते आपल्या घरच्या स्पर्धांनाही लागू आहे. महाराष्ट्रात क्लब, कार्यालयं, सोसायट्या दर हिवाळ्यात गटसाखळीच्या दुहेरी स्पर्धा भरवतात, आणि बाद फेरीचा तक्ता बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी भिंतीवर लावलेला असतो. तो लावू नका. गटविजेत्यांच्या जागा लिहा, उपविजेत्यांच्या रिकाम्या ठेवा, आणि शेवटचा गटसामना संपल्यावर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. जमलं तर एका गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी लावा. बरोबरी झाली तर आधी काय मोजायचं, गेमचा फरक की गुणांचा, हे प्रवेशपत्रावरच छापा. कोर्ट कमी असतील तर गटातून एकच जोडी पुढे काढा. आणि तरीही कोणी मुद्दाम हरताना दिसलं तर त्या स्पर्धेतून बाद करा, त्या जोडीबरोबर बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाकडेही जाब मागा. वेम्बलीत तो आकडेमोडीचा तक्ता खेळाडूंच्या एकट्यांच्या डोक्यात नव्हता. चीनचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी नंतर जाहीर माफी मागितली, पण स्पर्धेतून घरी गेल्या त्या आठ खेळाडूच.

जून २०२२ मध्ये जकार्ताच्या इस्तोरा सेनायानमध्ये ग्रेसिया पोलीने खेळाचा निरोप घेतला, भरल्या स्टेडियममध्ये, सन्मानाने. वेम्बलीत तिच्या शेजारी उभी असलेली मेलियाना जौहरी त्यानंतर कधीही ऑलिंपिकच्या कोर्टवर उतरली नाही.